चरबीत दडलेल्या ग्रंथी आणि एक जुना रंग

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात सर्जन थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून उरलेले जठर आतड्याला जोडले. रुग्ण महिला शस्त्रक्रियेतून वाचली, पण आजार पसरून काही महिन्यांतच दगावली. गाठ निघाली तरी तिच्यातून निसटलेल्या पेशी भोवतीच्या लसिका ग्रंथींत, म्हणजे लसिका हा शरीरातला पातळ द्रव गाळणाऱ्या लिम्फ नोडमध्ये, उरू शकतात.

या ग्रंथींचा पिच्छा जपानी सर्जननी सर्वांत चिकाटीने पुरवला. १९६० च्या दशकात त्यांनी जठराभोवतीच्या ग्रंथींना क्रमांक देऊन कुठवर सफाई करायची ते ठरवले. जठरालगतच्या ग्रंथींबरोबर मुख्य रक्तवाहिन्यांच्या मुळाशी असलेल्याही काढणारी ‘डी-२’ पद्धत तिथे रुळली. नेदरलँड्समधल्या चाचणीत मात्र डी-२ नंतर १० टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. मर्यादित सफाईत हे प्रमाण ४ टक्के होते. पण १५ वर्षांनी पाहिले तेव्हा जठराच्या कर्करोगाने झालेले मृत्यू डी-२ गटात ३७ टक्के, तर दुसऱ्यात ४८ टक्के निघाले. सफाईचा फायदा खरा होता. अडचण होती ती चरबीत बुडालेल्या ग्रंथी स्वादुपिंडाला धक्का न लावता शोधण्याची.

मदतीला आलेला रंग नवा नव्हता. इंडोसायनिन ग्रीन (आयसीजी) कोडॅकच्या प्रयोगशाळेत फोटोग्राफीसाठी तयार झाला आणि १९५९ साली अमेरिकेत वैद्यकीय वापरासाठी मंजूर झाला. हृदय आणि यकृताचे काम मोजायला तो वापरत. जपानमधल्या एका मोठ्या चाचणीत हाच हिरवा रंग नुसत्या डोळ्यांनी पाहून, कर्करोग आधी पोहोचतो त्या ग्रंथी ओळखायचा प्रयत्न झाला. ग्रंथींत कर्करोग असलेल्या २८ रुग्णांपैकी १३ जणांत तो हुकला. चाचणी थांबवावी लागली.

फरक पडला तो कॅमेऱ्याने. अवरक्त किरण पडले की आयसीजी चमकतो, आणि ती चमक चरबीच्या पातळ थरातूनही कॅमेऱ्याला दिसते. चीनमधल्या फूच्यान प्रांतातील सर्जननी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एंडोस्कोपीतून गाठीभोवती आयसीजी टोचला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांच्या चाचणीत सरासरी ५०.५ ग्रंथी निघाल्या, रंगाशिवाय ४२. गुंतागुंत वाढली नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

तरीही आयसीजी कर्करोग ओळखत नाही. लसिका जिथे वाहते तिथे तो जातो. कर्करोगाने पूर्ण भरलेल्या ग्रंथीची वाट बुजलेली असेल, तर ती पडद्यावर काळीच राहते. म्हणून ठरलेल्या क्रमांकांची सफाई, ग्रंथी चमको वा न चमको, पूर्णच करावी लागते.