व्हीलचेअर टेनिस : पॅरालिम्पिक महिला एकेरी

पॅरालिम्पिक स्पर्धेतील व्हीलचेअर टेनिसचा महिलांचा एकेरी प्रकार. अमेरिकेच्या ब्रॅड पार्क्स यांनी १९७६ मध्ये या खेळाची सुरुवात केली. १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून खेळवला गेला आणि १९९२ मध्ये बार्सिलोना येथे त्याला पूर्ण पदकांचा दर्जा मिळाला.

कोर्ट, जाळी, चेंडू आणि रॅकेट नेहमीच्या टेनिसचेच असतात. नियमातला मोठा फरक एकच: चेंडूचे दोन टप्पे चालतात, आणि दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी हरकत नाही. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग मानला जातो, त्यामुळे चेंडू खुर्चीला लागला तर गुण जातो. खुर्चीची चाके खालच्या बाजूला बाहेर झुकलेली असतात, म्हणून ती चटकन वळते आणि सहसा कलंडत नाही. मात्र ज्या हातात रॅकेट असते त्याच हाताने चाकही ढकलावे लागते. उभा खेळाडू बाजूला पाऊल टाकून चेंडू गाठतो, खुर्चीला तशी आडवी सरकता येत नाही. आधी वळायचे, मग वेग घ्यायचा, आणि फटका मारला की लगेच पुढच्या चेंडूसाठी खुर्ची फिरवायची. हा खेळ पाहताना नजर चेंडूइतकीच चाकांवरही ठेवावी; खरे डावपेच तिथे कळतात.

या प्रकाराचा इतिहास म्हणजे बव्हंशी नेदरलँड्सचा इतिहास. १९९२ ते २०२० या काळातली आठही सुवर्णपदके डच महिलांनी जिंकली. मोनिक काल्कमन (१९९२) आणि माइके स्मिट (१९९६) यांच्यानंतर एस्थर व्हर्गीरचे युग आले. आठव्या वर्षी मज्जारज्जूवरील शस्त्रक्रियेनंतर तिचे पाय निकामी झाले होते. २००० ते २०१२ या काळात तिने सलग चार सुवर्णपदके मिळवली. जानेवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॅनिएला डी टोरोकडून हरल्यावर २०१३ मधील निवृत्तीपर्यंत ती एकेरीचा एकही सामना हरली नाही. सलग विजयांची संख्या ४७० भरली. कोणत्याही खेळात इतके दीर्घ वर्चस्व विरळाच. तरी ते सोपे नव्हते. २००८ च्या बीजिंग अंतिम सामन्यात तिचीच देशभगिनी कोरी होमन हिने तिला पराभवाच्या अगदी काठावर नेले होते. व्हर्गीरने तो सामना ६–२, ४–६, ७–६ असा वाचवला.

पुढे २०१६ मध्ये रिओत यिस्के ग्रिफिउन जिंकली. त्याच वर्षी विम्बल्डनने व्हीलचेअर एकेरी सुरू केली. हिरवळीवर चाके ढकलायला अधिक जोर लागतो, या कारणाने तोवर तिथे केवळ दुहेरी होती. महिलांचे ते पहिले विजेतेपदही ग्रिफिउनचेच. २०२१ मध्ये डीडे डे ग्रूटने चारही ग्रँड स्लॅम आणि टोकियोचे (एक वर्ष लांबलेल्या २०२० च्या पॅरालिम्पिकचे) सुवर्ण एकाच वर्षात मिळवले. टोकियोच्या अंतिम सामन्यात तिने हरवलेली प्रतिस्पर्धी होती जपानची डावखुरी युई कामिजी.

तीन वर्षांनी पॅरिसमध्ये, रोलाँ गारोसच्या लाल मातीवर, अंतिम सामन्यात त्याच दोघी समोरासमोर आल्या. पहिला सेट डे ग्रूटने घेतला. कामिजीने पुढचे दोन जिंकून सामना ४–६, ६–३, ६–४ असा फिरवला. महिला एकेरीचे सुवर्ण प्रथमच नेदरलँड्सबाहेर गेले. त्याच स्पर्धेत मानामी तानाकासोबत तिने दुहेरीचे सुवर्णही जिंकले, आणि तिथेही अंतिम सामन्यात समोर डच जोडीच होती.