पेतॅयॅवेसीचे जुने चर्च

मध्य फिनलंडमधील पेतॅयॅवेसी या गावचे अठराव्या शतकातील लाकडी लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे) चर्च. युवॅस्कुलॅ शहराच्या पश्चिमेला, दोन सरोवरे जिथे भेटतात त्या भूशिरावर ते उभे आहे. उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून गावकरी येथे येत. ‘पेतॅयॅ’ म्हणजे पाइन वृक्ष, ‘वेसी’ म्हणजे पाणी. वास्तूही पाइनच्याच ओंडक्यांची आहे.

बांधकाम १७६३ ते १७६५ या काळात झाले. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या अमलाखाली होता. काम याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन या स्थानिक सुताराने केले. (‘क्लेमेतिनपोइका’ म्हणजे क्लेमेत्तीचा मुलगा.) चर्चचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. चारही भुजांवर फळ्यांची कमानदार छते असून मध्यभागी अष्टकोनी घुमट आहे. यूरोपातील मोठ्या शहरांत प्रबोधनकालीन वास्तुकारांनी दगडात घडवलेली ही कल्पना लेप्पॅनेनने ओंडके एकमेकांत अडकवून उभी केली. उंच, उतरते छप्पर मात्र त्याहून जुन्या, मध्ययुगीन गॉथिक परंपरेकडे झुकते. गावच्या सुताराने इतक्या दूरच्या दोन परंपरा एका छताखाली आणल्या, हेच या वास्तूचे खरे मोल.

आतल्या ओंडक्यांच्या भिंतींना रंग नाही. काळानुसार त्या तपकिरी होत गेल्या. छतावर तांबड्या मातीच्या रंगातील साधी नक्षी दिसते. प्रवचनपीठ लाकडी कोरीवकामाने सजलेले असून ते संत ख्रिस्तोफरच्या मूर्तीने खांद्यावर तोलले आहे. १८२१ मध्ये याक्कोचा नातू एर्क्की लेप्पॅनेन याने घंटाघर बांधले आणि ते छप्पर असलेल्या वाटेने चर्चला जोडले.

१८७९ मध्ये गावात नवे चर्च झाले आणि जुन्यातील नियमित उपासना थांबली. फिनलंडमधील अनेक जुनी लाकडी चर्चे अशा वेळी पाडली गेली. हे टिकले, कारण शेजारची दफनभूमी आणि घंटाघर वापरात राहिले. शिवाय दुर्लक्षामुळे कोणी त्यात आधुनिक फेरफारही केले नाहीत, त्यामुळे मूळ रूप जवळजवळ तसेच राहिले. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियाचे कला-इतिहासकार योसेफ स्ट्रझिगोवस्की यांनी त्याचे महत्त्व ओळखले. त्यानंतर जीर्णोद्धार सुरू झाला. १९९४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

चर्चमध्ये तापवण्याची सोय नाही. उन्हाळ्यात येथे उपासना आणि लग्ने होतात.