इन्स्पायर शिष्यवृत्ती: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अर्ज नेमके कुठं अडकतात

बीएस्सीला प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ योजना २००८ पासून आहे. वर्षाला ८० हजार रुपये मिळतात. त्यातले ६० हजार थेट विद्यार्थ्याला, २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बीएस्सीनंतर एमएस्सी केली तर जास्तीत जास्त पाच वर्षं. देशभरात दरवर्षी १२ हजार जागा. उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नाडकचेरीच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही. एवढं असूनही आपल्याकडच्या हुशार पोरांचे अर्ज बाद होतात, ते बहुतेक वेळा गुणांमुळे नव्हे, कागदांमुळे.

पात्रता थोडक्यात: वय १७ ते २२, बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात नंबर, आणि मूलभूत विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सांख्यिकी, भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असे एकूण १८ विषय यादीत आहेत. इंजिनिअरिंग, मेडिकल, ॲग्री यात बसत नाहीत. बायोटेक्नॉलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्ससुद्धा यादीत नाहीत, हे फार जणांना अर्ज भरून झाल्यावर कळतं. तीन विषयांपैकी एक कॉम्प्युटर सायन्स असेल तर आधी यादी आणि त्या वर्षीच्या सूचना वाचा. तो विषय लपवून अर्ज भरण्यात काही अर्थ नाही, मार्क्स कार्डावर तो दिसणारच.

आता बोर्डाचा घोळ. खास आपल्या भागातला. खानापूरचा मुलगा महाराष्ट्रात चंदगडला किंवा गडहिंग्लजला मामाकडं राहून बारावी करतो आणि बीएस्सीला बेळगावात टिळकवाडीत येतो. निपाणीची मुलगी सेकंड पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी, इथंच करते आणि पुढं कोल्हापूरला जाते. दोघंही विचारतात, आम्हाला कट-ऑफ, म्हणजे वरच्या एक टक्क्याची गुणमर्यादा, कुठला? कॉलेज कुठं आहे, घर कुठं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. बारावीचं मार्क्स कार्ड ज्या बोर्डाचं, त्याच बोर्डाचा कट-ऑफ, आणि तोही बारावी पास झालेल्या वर्षाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा बहुधा मागच्या वर्षीचा नाहीतर शेजारच्या राज्याचा असतो. गुण भरतानाही मार्क्स कार्डावर आहेत तसेच भरा. सीईटीच्या सवयीनं भाषा वगळून फक्त पीसीएमची टक्केवारी काढू नका. आणि कट-ऑफ ओलांडला म्हणजे शिष्यवृत्ती पक्की झाली असंही नाही. जागा मोजक्या आहेत.

कागदांत सगळ्यात जास्त घबराट होते ती बोर्डाच्या ‘एलिजिबिलिटी नोट’ची. हा कागद बहुतेकांकडं नसतो. काही बोर्डं वरच्या एक टक्क्यातल्या मुलांना तसं पत्र देतात, बरीचशी देत नाहीत. नाव वाचून पालक बोर्डाच्या कार्यालयात जातात, तिथला माणूस म्हणतो असलं काही आमच्याकडं नाही, आणि पोरगं अर्जच सोडून देतं. असं करू नका. हे पत्र असेल तरच जोडायचं आहे. नसेल तर मार्क्स कार्ड आणि कट-ऑफ पुरे.

खरा अडसर एंडोर्समेंट फॉर्मचा. तो ‘इन्स्पायर’च्या पोर्टलवरून उतरवायचा, भरायचा आणि कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन परत चढवायचा. कॉलेजच्या ऑफिसात ‘स्कॉलरशिपला सही पाहिजे’ एवढंच सांगितलं की क्लार्क सवयीनं बोनाफाईड छापून देतो. बोनाफाईड चालत नाही. एसएसपीवरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवरच्या, राज्य शिष्यवृत्तीची पावतीही चालत नाही. ती योजना वेगळी, पोर्टल वेगळं. छापील फॉर्म स्वतः घेऊन जा, हुद्द्याचा शिक्का मारून घ्या, शिक्क्यावरची अक्षरं स्कॅनमध्ये वाचता येतात का ते तिथंच बघा. प्राचार्य दौऱ्यावर असतील तर मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. पोर्टलची शेवटची तारीख ही सगळं चढवून अर्ज सबमिट करण्याची असते, सहीसाठी कागद ऑफिसात देण्याची नव्हे.

नावाचं त्रांगडं तर घरोघरी. कर्नाटकातल्या शाळेत ‘ज्योती’चं इंग्रजी स्पेलिंग करताना ‘टी’पुढं ‘एच’ लागतो, आधारवर तो नसतो. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. दहावीचं मार्क्स कार्ड जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागतंच, तेव्हा तेच प्रमाण धरा आणि आधार व बँकेतलं नाव त्याप्रमाणं करून घ्या, तेही निकाल लागल्या लागल्या. जुन्या कागदावर ‘बेळगाव’चं इंग्रजी स्पेलिंग जुनं आहे म्हणून मात्र धावपळ नको. २०१४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं हे सरकारला माहीत आहे, निदान एवढं तरी माहीत असावं.

खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर, स्टेट बँकेत. आईबरोबरचं संयुक्त खातं किंवा गावच्या सोसायटीतलं खातं नको.

महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी असल्याचा दाखला अनेकजण उत्साहानं जोडतात. महाराष्ट्रातल्या प्रवेशांना तो उपयोगी पडतो, इथं त्याला कुणी विचारत नाही. जोडून नुकसान नाही, पण त्याच्यासाठी दिवस घालवू नका.

एक गोष्ट सांगताना वाईट वाटतं. बारावी पास झालात त्याच वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षात असायला हवं. नीटसाठी एक वर्ष थांबून मग बीएस्सीला आलेल्या मुलांचे गुण कितीही असोत, दार बंद. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर अर्ज करू, असंही जमत नाही.

निवड झाल्यावर दरवर्षी गुणपत्रक आणि कॉलेजचा प्रगती अहवाल चढवावा लागतो. प्रकल्पाचे २० हजार आपोआप येत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन करणाऱ्या मार्गदर्शकाकडं काम करून अहवाल आणि त्यांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पुण्या-बेंगळुरूलाच जायला हवं असं नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाचे विभाग आहेत, बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. मार्गदर्शकांना ईमेल परीक्षेच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच पाठवा. मे महिन्यात पाठवलेल्या ईमेलला उत्तर येईपर्यंत पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं.