कप्पी लावली की विंचची ओढ दुप्पट?

"ट्रॅक्टरच्या विंचच्या (दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या यंत्राच्या) दोराला कप्पी लावा, कुठेही लावा, ओढ दुप्पट होते," असं सर्रास सांगितलं जातं. यात अर्धं खरं आहे. कप्पी ओढायच्या ओंडक्याला बांधून दोराचं टोक पक्क्या झाडाला अडकवलं, तर ओंडक्याला दोराचे दोन पदर ओढतात. ओढ जवळपास दुप्पट. पण कप्पी खुंटाला बांधून दोर नुसता वळवला, तर फक्त दिशा बदलते. उलट त्या खुंटावरच जादा भार येतो: दोर काटकोनात वळला तर दोराच्या ओढीच्या सुमारे १.४ पट, पूर्ण मागे फिरला तर दुप्पट. खुंट उपटला, तर दोर वळणाच्या आतल्या बाजूला झेपावतो. तिथे कुणालाही उभं राहू देऊ नका, पोरांना तर नाहीच.

पडताळायचं असेल तर विंचवर २ मीटर दोर गुंडाळा आणि ओंडका किती सरकला ते टेपने मोजा. १ मीटर सरकला तर ओढ दुप्पट. २ मीटर सरकला तर होती तेवढीच.