उजव्या सोंडेचा गणपती आणि नारळीकर

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले, तेव्हा आलेल्या बहुतेक बातम्या गुरुत्वाकर्षणाविषयीचा हॉइल-नारळीकर सिद्धान्त आणि ‘आयुका’ ही पुण्यातील खगोलशास्त्र संस्था यांच्याविषयी होत्या. मला मात्र आधी आठवले ते ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या या टोपणनावाने त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले.

उलटापालटीची ही हौस ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत थेट भूमितीत उतरते. कथेचा आधार आहे मोबियसची पट्टी. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी कापावी, तिला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवावीत. पट्टीच्या लांबीच्या दिशेने डोके करून डाव्या सोंडेचा गणपती मार्करने काढावा आणि थोड्या थोड्या अंतरावर त्याचीच नक्कल काढत पुढे जावे. कुठेही कडा ओलांडलेली नसते, शेजारच्या दोन आकृत्यांत काडीचाही फरक नसतो. तरीही फेरी पूर्ण होताच नवी आकृती पहिल्या आकृतीच्या पाठीमागे येते आणि प्लॅस्टिकमधून पाहिले की तिची सोंड उजवीकडे दिसते. आणखी एक फेरी केली की ती पुन्हा डावी होते.

उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो, असे आपल्याकडे मानतात. इथे तर मूर्ती तीच, बदलली ती फक्त वाट. अशा समजुतींवर नारळीकर नुसते बोलत नसत, त्या तपासून पाहत. मुले हुशार की मतिमंद, हे पत्रिकेवरून ओळखण्याची चाचणी त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह घेतली, तेव्हा २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणेफेकीइतकेही भरले नाही.

सपाट आकृती उलटवायला तिसरी मिती लागते, तसा अख्खा माणूस उलटवायला चौथी मिती लागेल. असा माणूस परत आला तर त्याचे हृदय उजवीकडे असेल, पण त्याची खरी अडचण ताटात असेल. हातांसारखीच अनेक रेणूंचीही डावी आणि उजवी घडण असते. आपली प्रथिने डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची आणि ग्लुकोज उजव्या घडणीचे. अन्न पचवणारी विकरे (एन्झाइम) या घडणीवर हातमोज्यासारखी बसतात. त्याची विकरे उलटी झालेली असल्याने वरणभात पोटभर खाऊनही तो उपाशीच राहील. पाणी, मीठ आणि प्राणवायू यांना मात्र डावे-उजवे नसते. तेवढे त्याला पूर्वीसारखेच चालेल.