हे कुठलं झाड? आधी पान तोडून बघा

घरासोबत बाग ताब्यात आली ती नेमकी कोरड्या दिवसांत, म्हणजे अर्धी झाडं सुकल्यासारखी आणि उरलेली अर्धी नुसत्या काड्या, त्यात आधी राहणाऱ्यांनी कुठे काय लावलंय याची साधी चिठ्ठीही ठेवलेली नाही. कोपऱ्यात राखाडी रंगाचं, जाड बोटांसारख्या फांद्यांचं काहीतरी उभं होतं. अंगावर एक पान नाही. मेलंय हे, म्हटलं, आणि करवत लावली. दोन-तीनदा पुढे-मागे केली असेल नसेल, कापलेल्या जागेतून पांढराशुभ्र चीक टपटप गळायला लागला आणि मी करवत हातात धरून तसाच बावळटासारखा उभा.

मेलेल्या झाडाला असा ताजा चीक येत नाही. तो पांढरा चाफा होता, कोरड्या दिवसांत पानं गाळून निवांत बसलेला.

पण गंमत बघा, त्या क्षणी त्याला ना फूल होतं ना पान, तरी त्याने आपली निम्मी ओळख सांगून टाकली. आपल्याला सवय अशी लागलेली असते की झाड ओळखायचं म्हणजे फूल बघायचं, आणि फूल नसेल तर मोबाईल काढून फोटो मारायचा. फोटोचं पुढे बोलतोच. पण चीक, वास, खोडाचा आकार, पानं फांदीला कशी लागलीयेत, या गोष्टी वर्षभर हाताशी असतात, त्यातल्या बऱ्याचशा फोटोत येतच नाहीत आणि ओळख बरेचदा तिथेच दडलेली असते.

चिकाचंच घ्या. झाड हा चीक स्वतःच्या बचावासाठी ठेवतं, जखम झाली की तो बाहेर येऊन घट्ट होतो, जखमही बुजते आणि पान कुरतडणाऱ्या किड्याचं तोंडही चिकटतं. जगात माहीत असलेल्या झाडाझुडपांच्या जाती साधारण साडेतीन लाख आहेत, पण दुधासारखा पांढरा चीक हा काही ठरावीक कुळांतच जास्त करून सापडतो. रुई-चाफ्याचं कुळ, शेर-पॉइन्सेटियाचं कुळ, वड-पिंपळाचं कुळ, ही बागेत भेटणारी मोठी नावं. म्हणजे एक पान देठापासून मोडलं आणि चीक आला तर शोध लाखांवरून एकदम खूप खाली येतो. फक्त तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका आणि तसाच हात डोळ्याला लावू नका, रुई आणि शेराचा चीक बुबुळाला चांगलीच इजा करतो.

आता चाफ्याचा विषय निघालाच आहे तर नावांचा घोळही सांगून टाकतो. पांढरा चाफा, सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा. ऐकताना वाटतं एकाच घरातली भावंडं, आणि प्रत्यक्षात पाचही वेगवेगळ्या कुळांतले! पांढरा चाफा रुई-कण्हेरीचा नातेवाईक, सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, भुईचाफा चक्क हळद-आल्याच्या, आणि नागचाफ्याचं घराणं आणखी निराळं. आपण नाव ठेवलं ते सुवासिक फुलावरून, त्यामुळे शेजाऱ्याने कुंपणावरून डोकावून 'अहो तो चाफा आहे' असं सांगितलं तरी काम संपत नाही, कुठला चाफा ते राहतंच.

पण फूल नसताना यातले पहिले दोन कसे ओळखायचे ते इतकं सोपं आहे की मला कळल्यावर मी दिवसभर दिसेल ती फांदी तपासत सुटलो होतो. सोनचाफ्याची बोटभर जाडीची फांदी घ्या आणि पान जिथे लागलंय तिथे नीट बघा. फांदीभोवती अंगठी घातल्यासारखी एक बारीक गोल रेघ दिसेल, प्रत्येक पेरावर एक. कोवळ्या कोंबाला गुंडाळून ठेवणारं एक टोपरं असतं, त्याला उपपर्ण म्हणतात, पान उघडलं की ते गळून पडतं आणि त्याची खूण म्हणून ही अंगठी राहते. सोनचाफ्याला अंगठी आहे, पांढरा चीक नाही. पांढऱ्या चाफ्याला चीक आहे, अंगठी नाही, त्याच्या फांदीवर गळलेल्या पानांचे मोठमोठे वण असतात. आणि चीकही आहे, अंगठीही आहे असं झाड भेटलं तर बहुतेक वड, पिंपळ, उंबर किंवा त्यांचा कुणीतरी भाऊबंद. भिंतीच्या फटीत उगवलेलं वीतभर रोप असलं तरी हे जमतं, पान मोडून बघायचं आणि शेंड्याजवळची अंगठी बघायची. (आणि ते भिंतीत असेल तर ओळख पटल्याच्या आनंदात तिथेच ठेवू नका, मुळं भिंत फोडतात.)

असं एकेक हो-नाही विचारत जाण्याची पद्धत काही मी शोधलेली नाही. लामार्क नावाचा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ, म्हणजे तोच जिराफाच्या मानेवाला, त्याने 1778 मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवर लिहिताना ही युक्ती नीट वापरात आणली होती. प्रत्येक पायरीला दोनच पर्याय, यापैकी एक निवडा, पुढच्या पायरीवर जा. आजही वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी असंच ओळखतात.

बरं, या सगळ्यात पान हा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तोच करतो. कडुलिंबाचं 'पान' दाखवा म्हटलं तर बहुतेक जण ते कोयत्यासारखं वाकडं, दातेरी पातं तोडून दाखवतील. ते पान नाहीच, ती पानाची एक पर्णिका आहे. मधला दांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची सगळी पाती मिळून एक पान. हे ठरवायचं कसं तर डोळा शोधायचा. खरं पान फांदीला जिथे लागतं तिथे देठाच्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो, ज्यातून पुढे फांदी किंवा फूल येणार असतं. पर्णिकेच्या बेचक्यात तो कधीच नसतो. नुसतं बघून दिसला नाही तर नखाने चाचपा, किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करून भिंगासारखा वापरा.

एकदा पान म्हणजे नेमकं काय ते कळलं की मग ती पानं फांदीवर कशी बसलीयेत ते बघायचं. एकाआड एक, समोरासमोर, की एकाच पेरावर तीन-चारचं वर्तुळ. ही गोष्ट सहसा खत-पाणी-ऊन यांनी बदलत नाही, म्हणून भरवशाची. सावलीत वाढलेल्या झाडाचं पान दुप्पट मोठं होईल, जास्त हिरवं होईल, पण समोरासमोरचं एकाआड एक शक्यतो होत नाही. कण्हेरीला बहुतेक वेळा एका पेरावर तीन पानं असतात, लांब, चिवट, मधली शीर ठळक. हे वर्णन जुळलं तर हात धुऊन टाका आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांना सांगून ठेवा, कण्हेर मुळापासून फुलापर्यंत सगळी विषारी आहे, थेट हृदयावर परिणाम होतो.

समोरासमोर पानं आणि त्यात खोड चौकोनी, हे कॉम्बिनेशन माझं सगळ्यात लाडकं. खोड दोन बोटांत धरून फिरवायचं, गोल असेल तर सरळ घरंगळतं, चौकोनी असेल तर कडा लागतात. त्यावर पान चुरगळल्यावर वास आला तर तुळशीच्या कुळाकडे वळायला हरकत नाही, तुळस, पुदिना, पानओवा ही सगळी तीच मंडळी. अर्थात घाणेरीही याच चाचणीत पास होते, तिचंही खोड चौकोनी आणि वास तर नावातच आहे, पण ती शेजारच्या कुळातली. तिचं खोड खरखरीत असतं, पुष्कळदा बारीक आकडेही असतात, आणि फुलं आल्यावर एकाच गुच्छात पिवळी आणि लाल-गुलाबी दोन्ही दिसतात कारण फूल जुनं होताना रंग बदलतं. सागाच्या कोवळ्या फांद्यासुद्धा चौकोनी असतात हे माहितीये? साग पूर्वी घाणेरीच्या कुळात धरायचे, आता तुळशीच्या कुळात टाकलाय. एवढं आडमाप झाड आणि तुळशीचा नातेवाईक! लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने 18व्या शतकात फुलांतले पुंकेसर मोजून वनस्पतींचे 24 वर्ग पाडले होते, 1753 पासून दोन शब्दी शास्त्रीय नावं रुळली ती त्याचीच, नावाची ती पद्धत टिकली पण वर्ग काही टिकले नाहीत, आता नाती मुख्यतः डीएनएवरून ठरतात.

गवतासारखं जे काही दिसतं त्यालाही हीच दोन बोटांची चाचणी. लव्हाळ्याची फुलं धरणारी दांडी तिकोनी असते, कडा बोटाला लागतात. गवताची काडी गोल किंवा चपटी आणि तिला पेरं असतात. फरक कशाला कळायला हवा? लव्हाळा वरून उपटला तर खाली माळेसारखे कंद राहतात आणि तुम्ही घरात जाऊन हात धुवेपर्यंत ते पुढच्या तयारीला लागलेले असतात. तो खणूनच काढावा लागतो.

आता फोटोवरून झाड ओळखणारी ॲप. मी वापरतो, खोटं कशाला बोलू. प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, गुगल लेन्स, सगळी फोनमध्ये आहेत. पण ती काय करतात ते लक्षात ठेवलं पाहिजे. नावं लावलेले प्रचंड फोटो दाखवून ही यंत्रणा शिकवलेली असते, त्यामुळे 'हे अमुक झाड आहे' असं ती खरं तर सांगत नाही, 'मी पाहिलेल्या फोटोंपैकी हा यांच्याशी जास्त जुळतो' एवढंच सांगते. लोक फोटो काढतात फुललेल्या, देखण्या झाडांचे, म्हणून तिथे ॲप हुशार, आणि दोन पानांच्या रोपट्यासमोर किंवा माझ्या त्या बोडक्या चाफ्यासमोर गडबडतं. त्यातून फोटोला चीक नाही, वास नाही, खोडाच्या कडा नाहीत. म्हणून मी आता एक झाड म्हणजे चार फोटो असं करतो, पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू आणि पेराचा क्लोजअप, फूल असेल तर ते बाजूनेही, कारण पाकळ्यांच्या मागे काय आहे ते समोरून दिसत नाही. आयनॅचरलिस्टवर माणसंही मत देतात, दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं तरच नोंदीला 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाला चालेल अशी श्रेणी मिळते. मात्र मुद्दाम लावलेल्या झाडाला ती मिळत नाही, तेव्हा बागेतल्या गुलाबाला का मिळाली नाही म्हणून रुसू नका.

ॲपला आणि मलाही पूर्ण उल्लू बनवलं ते एका रोपाने. वाफ्याच्या कडेला उगवलेलं, बाभळीसारखी बारीक पिसांची पानं, ॲपही कुठलीतरी बाभूळच म्हणत होतं. दोन-तीन आठवड्यांनी बघतो तर वर आलेली नवी पानं लांबट, साधी, विळ्यासारखी! मला वाटलं दोन रोपं एकत्र उगवलीयेत, बुंध्याशी माती उकरून बघितली, खोड एकच. मधलं एक पान तर असं होतं की देठ चपटा होऊन पात्यासारखा पसरलेला आणि त्याच्या टोकाला अजून दोन पिसं लटकत होती. ती ऑस्ट्रेलियन बाभूळ निघाली. मोठ्या झाडावर आपण ज्याला तिचं पान समजतो तो पसरट झालेला देठ असतो, खरी पिसांची पानं फक्त बाळपणी. निलगिरीच्या कित्येक जातींचंही असंच, लहानपणी गोल, निळसर, समोरासमोर पानं आणि मोठेपणी लांब, एकाआड एक, म्हणजे मघाशी भरवशाची म्हटलेली गोष्टसुद्धा इथे दगा देते. म्हणून रोप उगवल्या उगवल्या निकाल देऊ नका. सगळ्यात पहिली दोन पानं तर बियांतलीच दलं असतात, ती बऱ्याच झाडांची एकसारखी दिसतात, खरी पानं त्यानंतरची.

वास घ्या म्हटलं, पण चव मात्र अजिबात बघू नका. धोतरा, एरंडाच्या बिया, गुंजा, सगळं साध्या कुंपणात सापडतं आणि सगळं जिवावर बेतू शकतं. गाजरगवताला तर उघडा हातही लावू नका, अंगावर पुरळ उठतं, हातमोजे घालून फुलं येण्याआधी उपटायचं. ते, लव्हाळा आणि भिंतीतली रोपं सोडली तर बाकी काही पहिलं वर्षभर उपटू नये असं माझं मत आहे, कारण नुसती रिकामी दिसणारी जागासुद्धा रिकामी नसते. खाली कंद असतात, गड्डे असतात, आणि बिया तर किती असतील.

किती काळ, याचा एक प्रयोग अजून चालू आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1879 मध्ये ओलसर वाळूत तणांच्या बिया मिसळून 20 बाटल्या भरल्या आणि जमिनीत पुरल्या, ठरावीक वर्षांनी एकेक काढायची आणि काय उगवतंय ते बघायचं. सोळावी बाटली 2021 मध्ये काढली, तीही पहाटेच्या अंधारात, कारण उजेडाचा स्पर्श झाला की काही बियांना उगवायचा इशारा मिळतो. आणि इतक्या वर्षांनी त्यातल्या व्हर्बॅस्कम नावाच्या झाडाच्या बिया खरोखर रुजल्या. आपण वाफा उकरतो तेव्हा हेच घडतं, खाली दबून बसलेली बी वर येते, तिला ऊन दिसतं आणि पंधरा दिवसांत अजून एक अनोळखी रोप हजर. बीलची पुढची बाटली 2040 मध्ये निघणार आहे. माझ्याकडे कुदळ मारली की दर वेळी एक निघतेच, परवाच चाफ्याच्या बुंध्याशी तीन नवी उगवलीयेत, खोड गोल, पानं समोरासमोर, चीक नाही.