मधुमेही मांजराचे दात आणि किडनीतल्या दोन धमनिका

“वय झालंय त्याचं. किडनी अधू, त्यात शुगर. आता भूल कशाला द्यायची? राहू देत दात तसेच.” घरात म्हातारा बोका असला की असा सल्ला देणारं कुणी ना कुणी भेटतंच. सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि त्यामागची भीती अगदीच खोटी नाही. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतल्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण निरोगी मांजरांत सुमारे ०.११ टक्के, तर आजारी मांजरांत सुमारे १.४ टक्के निघालं. फरक दहापटीहून मोठा आहे. पण त्या आजारी गटात अत्यवस्थ जनावरंही धरलेली होती, आणि तरीही शंभरातली अठ्ठ्याण्णवहून अधिक मांजरं वाचली. पू भरलेला जबडा तसाच ठेवला तर काय होतं, याचा हिशेब मात्र सल्ला देणारे मांडत नाहीत.

मांजराला ३० दात असतात आणि त्यांना होणारा सर्वांत छळणारा आजार माणसाच्या दातांच्या किडीसारखा नसतो. हाड झिजवणाऱ्या पेशींच्या जातकुळीतल्या ओडोन्टोक्लास्ट पेशी दाताचं मूळ विरघळवू लागतात. बाहेरून हिरडीच्या कडेला जेमतेम एक लालसर ठिपका दिसतो. एक्स-रे काढला की आतलं मूळ निम्मं नाहीसं झालेलं सापडतं. हे अतिशय दुखतं. मांजर ओरडत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. कोरड्या खाण्याचा दाणा तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकणं, मान तिरकी करून एकाच बाजूने चावणं, दाताला बोट लागताच खालचा जबडा थरथरणं, एवढीच काय ती लक्षणं.

मधुमेही मांजरात या दुखण्याला आणखी एक पदर असतो. सुजलेल्या हिरड्यांतून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असे दाहकारक रेणू रक्तात मिसळत राहतात आणि त्यांच्यामुळे स्नायू व चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. डोस वाढवत जावा आणि साखर हलू नये, अशा वेळी तोंड उघडून दाढा पाहिल्या की कारण सापडतं. म्हणून ‘आधी शुगर आटोक्यात येऊ दे, मग दातांचं बघू’ हा क्रम बरेचदा उलटा पडतो. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा: लघवीत किंवा रक्तात कीटोन (इन्सुलिन अपुरं पडलं की चरबीपासून तयार होणारी आम्लं) वाढलेले असतील, मांजर मलूल असेल, तर आधी तो उपचार. तेव्हा दातांना थांबावंच लागतं.

आता किडनीकडे वळू. मला जे सांगायचं आहे ते खरं इथेच आहे. ‘किडनीला भूल झेपत नाही’ हे वाक्य आपण तपासून न घेता वापरतो. आज भुलेसाठी वापरला जाणारा आयसोफ्लुरेन वायू जवळजवळ सगळाच्या सगळा श्वासावाटे बाहेर पडतो. भुलेचंच दुसरं औषध, केटामाइन, मांजरात बऱ्याच अंशी किडनीवाटे बाहेर जातं, त्यामुळे किडनी अधू असेल तर ते टाळतात किंवा कमी देतात. पण एकूण पाहता किडनीला इजा होते ती औषधाच्या विषारीपणामुळे नव्हे. ती होते भुलेत घसरणाऱ्या रक्तदाबामुळे.

शरीरात बाकी जवळपास सगळीकडे आधी धमनिका म्हणजे बारीक धमनी, मग केशिका, मग शीर असा क्रम असतो. नेफ्रॉनमध्ये, म्हणजे किडनीतल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीत, निसर्गाने विलक्षण रचना केली आहे. तिथे केशिकांचा गुच्छ दोन धमनिकांच्या मधे बसवलेला आहे. एक रक्त आत आणते, दुसरी बाहेर नेते. दोघींच्या भिंतीत स्नायू असतात आणि दोघी स्वतंत्रपणे आवळू किंवा सैलावू शकतात. शेतातल्या ठिबकच्या नळीचं पुढचं टोक दाबून धरलं की छिद्रांतून पाणी जोरात येतं, आणि मागचा कॉक बंद करत नेला की थेंबही पडत नाही. केशिकागुच्छात रक्त गाळलं जातं ते याच तत्त्वावर. तिथला दाब पाऱ्याच्या सुमारे ५० मिलिमीटरच्या आसपास राखला जातो, म्हणजे इतर केशिकांतल्या दाबाच्या जवळपास दुप्पट.

हा दाब राखणारी यंत्रणा पाहिली की मी दर वेळी थक्क होतो. सरासरी रक्तदाब ८० ते १६०च्या दरम्यान वरखाली झाला तरी गाळण्याचा वेग फारसा बदलत नाही. रक्तदाब चढला की आत येणाऱ्या धमनिकेची भिंत ताणली जाते आणि ताण बसताच तिचा स्नायू आपोआप आवळतो. हा पहिला बंदोबस्त. दुसरा त्याहून देखणा आहे. नेफ्रॉनची नळी लांबचा फेरा मारून परत आपल्याच केशिकागुच्छाला येऊन टेकते. जिथे टेकते तिथल्या मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशी नळीतून वाहणाऱ्या मिठाचं प्रमाण मोजत असतात. मीठ जास्त आलं, म्हणजे गाळणं फार वेगाने चाललंय. मग अडेनोसिन हा रेणू आत येणारी धमनिका आवळतो. मीठ कमी आलं, म्हणजे गाळणं मंदावलंय. मग दोन गोष्टी एकदम घडतात. प्रोस्टाग्लँडिन नावाचे रेणू आत येणारी धमनिका रुंद करतात. शिवाय रेनिन स्रवतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं आणि ते मुख्यतः बाहेर जाणारी धमनिका आवळतं. मागचं दार मोकळं, पुढचं अर्धवट मिटलेलं. रक्तदाब पडला तरी गुच्छातला दाब टिकतो.

आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या सैल करतो आणि हृदयाचा जोरही कमी करतो, जेवढा वायू जास्त तेवढा परिणाम जास्त. सरासरी दाब ८०च्या खाली घसरत ६०च्याही खाली गेला की वर सांगितलेली यंत्रणा हतबल होते आणि किडनीचा रक्तपुरवठा सरळ रक्तदाबाबरोबर घसरू लागतो. पहिला फटका किडनीच्या आतल्या भागाला बसतो. तिथल्या नलिका मीठ शोषून घेण्यासाठी सतत ऊर्जा खर्च करतात, पण तिथला प्राणवायूचा पुरवठा एरवीही बेताचाच असतो.

अधू किडनीच्या मांजरात हे आणखी लवकर घडतं. मांजराच्या एका किडनीत साधारण २ लाख नेफ्रॉन असतात, माणसाच्या किडनीत सुमारे १० लाख. किडनीने बाहेर टाकायचा क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ मांजराच्या रक्तात वाढलेला दिसतो तोवर साधारण पाऊण किडनी निकामी झालेली असते. उरलेले नेफ्रॉन सगळ्यांचं काम उपसतात, म्हणजे त्यांची आत येणारी धमनिका आधीच पूर्ण रुंदावलेली असते. दाब पडल्यावर आणखी रुंद व्हायला जागाच उरत नाही. त्यात मेलॉक्सिकॅमसारखं दाहशामक दिलेलं असेल तर प्रोस्टाग्लँडिन बंद. अँजिओटेन्सिन-२ला रोखणारं टेल्मिसार्टन किंवा बेनाझेप्रिल चालू असेल तर बाहेर जाणारी धमनिका आवळत नाही. दोन्ही बचाव एकाच वेळी निकामी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० साली मांजरांत मेलॉक्सिकॅम पुन्हा पुन्हा वापरण्याविरुद्ध ठळक इशारा छापायला लावला, तो किडनी बंद पडून झालेल्या मृत्यूंमुळेच. म्हणून घरात चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव डॉक्टरांना कळवावं आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी कोणती द्यायची, कोणती नाही, हे आधीच विचारून घ्यावं.

मधुमेह यात भर घालतो तो दोन वाटांनी. मांजराची रक्तशर्करा साधारण २५० ते ३००च्या पुढे गेली की साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. शरीर कोरडं, म्हणजे भूल देण्याआधीच रक्तदाबाची बाजू लंगडी. दुसरी वाट उलट्या दिशेची आहे. टोचलेल्या इन्सुलिनचा बराच भाग किडनीच नष्ट करत असते. किडनी मंदावली की इन्सुलिन रेंगाळतं आणि साखर अचानक खाली येऊ शकते. जागं मांजर अशा वेळी लडखडतं, अशक्त दिसतं. भुलेतलं मांजर काहीच दाखवत नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया चालू असताना दर अर्ध्या-पाऊण तासाने कानातून किंवा सलाइनच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजणं, हा एकच मार्ग उरतो. ती १५० ते २५०च्या दरम्यान असली तर डॉक्टर समाधानी असतात. त्या एक-दोन तासांत थोडी चढी साखर परवडते, उतरलेली नाही.

आता तयारी. दवाखान्यात काढलेल्या एका शुगरवर विसंबू नये. पिंजऱ्यातून आलेल्या, कुत्र्यांचा आवाज ऐकलेल्या निरोगी मांजराची साखरसुद्धा घाबरून ३००च्या वर जाऊ शकते. मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज फ्रुक्टोसमीन या रक्ततपासणीवरून येतो, किंवा घरी कानाच्या कडेला टोचून काढलेल्या नोंदींवरून. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून यंत्र बदलू नये आणि कोणतं वापरतो ते सांगावं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे वाळलेल्या मांजरात ते फसवं कमी दिसतं. तिथे एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्ततपासणी उपयोगी पडते. शिवाय रक्तदाब, पोटॅशियम, थायरॉइड, लघवीचं कल्चर आणि हृदयाची सोनोग्राफी.

सिरिंजबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे केमिस्टकडे माणसांचं साधं इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं मिळतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. मांजरांना बरेचदा दिलं जाणारं ग्लार्जिन हे इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटचं असतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ५ युनिट जातात. शस्त्रक्रियेच्या सकाळी नेहमीच्या निम्मा डोस द्या असं सांगितलेलं असतं आणि मांजर त्या दिवशी खाणारही कमीच असतं. त्या दिवशी ही चूक जिवावर बेतेल. टोपणाचा रंग आणि कुपीवरचा आकडा दोन्ही वाचूनच सुई भरावी.

‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ हा सरसकट नियमही अशा मांजराला लागू होत नाही. हल्ली मधुमेही मांजराला दोन ते चार तास आधी थोडं ओलं खाणं आणि निम्मं इन्सुलिन असा प्रघात आहे; नेमकं प्रमाण डॉक्टर ठरवतात. पाणी तर किडनीच्या मांजराचं कधीच रात्रभर बंद करायचं नाही. शक्य असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. काही मांजरांना आदल्या दिवशीच दाखल करून सलाइन लावतात, म्हणजे कोरडेपणा भरून निघतो. पण जास्त सलाइन म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही. चार किलोच्या मांजराच्या अंगात सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशे मिलिलिटर रक्त असतं. पूर्वी भुलेत तासाला किलोमागे १० मिलिलिटर सलाइन सोडत. २०१३च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी मांजरांसाठी सुरुवातच ३ मिलिलिटरपासून करायला सांगितलं. हृदय जाड झालेल्या मांजरात जादा पाणी थेट फुप्फुसांत उतरतं.

टेबलावर रक्तदाब सांभाळण्याचा सर्वांत सुंदर उपाय मला वाटतो तो बधिरीकरणाचा. भूल दिलेली असतानाही दाढेजवळच्या नसेपाशी बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध टोचतात. दात उपटल्याची वेदना मेंदूपर्यंत पोचतच नाही, म्हणून आयसोफ्लुरेन कमी लागतो, म्हणून रक्तवाहिन्या कमी सैलावतात, म्हणून किडनीचा दाब टिकतो. जबड्यात टोचलेल्या एका सुईचा फायदा असा थेट नेफ्रॉनपर्यंत जातो. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटाही चांगला डॉक्टर मांजराला लावत नाही. मांजराच्या मेंदूला रक्त मुख्यतः वरच्या जबड्याच्या धमनीतून मिळतं आणि जबडा ताणून उघडला की ती दबते. भुलेतून उठलेली मांजरं त्यामुळे आंधळी झाल्याच्या नोंदी आहेत. सुईचं प्लॅस्टिक टोपण कापून केलेला छोटासा आधार पुरतो. दात पुष्कळ काढायचे असतील तर दोन बैठकांत काढावेत, भुलेचा वेळ कमी राहतो.

‘भूल न देता दात स्वच्छ करून मिळतील’ अशा जाहिराती हल्ली दिसतात. त्यांना भुलू नका. जाग्या मांजराच्या दातावरचं वरवरचं किटण निघतं आणि दात चमकतात, पण रोग हिरडीच्या खाली असतो. तिथे जाग्या मांजराच्या तोंडात ना हत्यार पोचतं ना एक्स-रे निघतो. तितकाच घातक आपला घरगुती उपाय, लवंगेचं तेल. माणसाच्या दाढेला ते चालतं. मांजराच्या यकृतात मात्र असे रेणू निकामी करणारी ग्लुकुरोनिडेशनची वाट फार अरुंद आहे, त्यामुळे ते तेल विषारी ठरतं. पॅरासिटामॉलचंही तेच: माणसांची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

त्या ब्रिटिश अभ्यासात मांजरांचे निम्म्याहून जास्त मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतरचे होते आणि त्यातले बरेच पहिल्या तीन तासांतले. तेव्हा मांजर डोळे उघडताच घरी नेण्याची घाई करू नये. अंग गरम झालंय, साखर पुन्हा मोजलीय, रक्तदाब ठीक आहे, याची खात्री करून घ्यावी. संध्याकाळी मऊ खाणं द्यावं. दात काढलेली मांजरं त्याच रात्री खातात तेव्हा मालक चकित होतात. दुखणारा दातच गेलेला असतो. काही दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावं. आणि पुढचे दोन-तीन आठवडे घरी साखर जरा जास्त वेळा मोजावी. तोंडातला दाह ओसरला की जुना डोस भारी पडू शकतो. मांजर झोकांड्या खायला लागलं, तर हिरड्यांवर ग्लुकोजचं घट्ट पाणी किंवा मध चोळून लगेच डॉक्टर गाठावेत आणि ते सांगेपर्यंत पुढचं इन्सुलिन टोचू नये.